कार्ड बदलण्याआधी : प्रस्तावना

बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत रात्रपाळीला लाइन थांबली की मेंटेनन्सच्या माणसाला एकच प्रश्न विचारला जातो : किती वेळ लागेल? काय बिघडलं, का बिघडलं, हे विचारायला त्या वेळी कोणाला सवड नसते. थांबलेल्या तासाचा हिशेब सकाळी वर जाणार असतो. मग तो पॅनेल उघडतो, लाल दिवा लागलेलं कार्ड ओढून काढतो, स्टोअरमधलं दुसरं खोचतो आणि लाइन चालू करून देतो. जुनं कार्ड पिशवीत बांधून रिपेअरला मुंबईला जातं. तिथे कोणीतरी ते टेबलावर घेऊन उघडतो, समजून घेतो, दुरुस्त करून परत पाठवतो. बोईसरचा माणूस तेच कार्ड वर्षानुवर्षं हाताळतो, पण त्याच्या आत काय चाललंय हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं.

इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामात आयुष्य घालवल्यावर मला या गोष्टीचं वाईट वाटतं आणि म्हणूनच ही पुस्तिका लिहायला घेतली. आमच्याकडची मुलं कामाला वाघ आहेत. वाणगाव, चिंचणी, सफाळे, मनोर अशा ठिकाणांहून पहिली पाळी धरायला पहाटे निघतात, सुट्टीच्या दिवशी डिप्लोमाचे पेपर देतात, लूप तपासणं आणि ड्राइव्हचे पॅरामीटर भरणं त्यांना झोपेतही जमतं. त्यांना मिळत नाही ती एकच गोष्ट : चुकायची मुभा. चालू प्लँटमध्ये ती मिळणं शक्यच नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका किटभोवती चारपाच जण असतात आणि प्रॅक्टिकलचे दोन तास जोडाजोडीतच संपतात. घरी ब्रेडबोर्डवर काही करावं म्हटलं, तर सुट्या भागांचा खरा बाजार लॅमिंग्टन रोडवर, ग्रँट रोड स्टेशनाजवळ, म्हणजे बोईसरहून शंभरएक किलोमीटरवर. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते हे खरं, तरी दोन-पाच रुपयांचा एक ट्रान्झिस्टर जळला म्हणून कोणी अख्खा दिवस घालवत नाही. ऑनलाइन मागवला तरी तो येईपर्यंत उत्साह ओसरतो. प्रयोग तिथेच राहतो.

सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर या मुलांच्या हाती पडावं असं मला वाटतं ते यासाठी. संगणकाच्या पडद्यावर सर्किट काढायचं, भागांच्या किमती भरायच्या, आणि प्रत्यक्षात वीज न जोडता कुठे किती व्होल्टेज येईल, कुठून किती प्रवाह जाईल, ते वेळेनुसार कसं बदलेल, हे पाहायचं. दहा वेळा जाळा, काही जळत नाही. जे कार्ड आजवर बंद डब्यासारखं बदलत आलो, त्याचा एकेक तुकडा इथे सुटा करून चालवून पाहता येतो.

बंद डबा उघडून समजून घेण्याचा हा धडा तारापूरला नवा नाही. अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिट २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. ती अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारून दिलेली होती. यंत्रं त्यांची, नकाशे त्यांचे, सुटे भागही त्यांचेच. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तिकडून येणारी मदत आटत गेली. जे कार्ड बदलायला दुसरं कार्ड येणार नाही, ते समजून घेतल्याशिवाय गत्यंतर नसतं. तिथल्या अभियंत्यांना आणि तंत्रज्ञांना आपल्या देशातल्या ज्ञानावर ही युनिट चालती ठेवावी लागली. पुढे त्याच आवारात ५४० मेगावॉटची दोन युनिट उभी राहिली, ती भारतीय आराखड्याची. अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात बसणारा चालक खऱ्या बटणाला हात लावण्याआधी सिम्युलेटरवर तयार होतो, ही तर जगभरची पद्धत आहे. जिथे चूक परवडत नाही, तिथे चुकण्याची वेगळी जागा आधी बांधावी लागते. अणुवीज केंद्राला जे परवडतं ते गल्लीतल्या पन्नास कामगारांच्या कारखान्याला आजवर परवडत नव्हतं. आता परवडतं, कारण यातलं बरंचसं सॉफ्टवेअर फुकट आहे.

फुकट का आहे, यामागे एक हकिकत आहे आणि ती मला फार आवडते. तारापूरची युनिट सुरू होत होती त्याच वर्षी, १९६९-७० मध्ये, कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात रॉन रोहरर या प्राध्यापकांनी सर्किट सिम्युलेशनचा वर्ग घेतला. त्यांनी मुलांना सांगितलं, प्रोग्रॅम तुम्हीच लिहायचा, आणि तो तिथलेच दुसरे प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांना पसंत पडला तर तुम्ही पास. त्या काळी असे प्रोग्रॅम बहुतेक संरक्षण खात्याच्या पैशावर लिहिले जात आणि अणुस्फोटाच्या किरणोत्साराने सर्किटचं काय होईल हे मोजायची सोय त्यांत ठेवावी लागे. या मुलांनी आपल्या प्रोग्रॅममधून ते मुद्दाम वगळलं आणि तसं त्याच्या नावातच लिहून टाकलं. त्या वर्गातला एक विद्यार्थी लॉरेन्स नेगल. त्याने हा प्रोग्रॅम नव्याने बांधला आणि त्याला नाव मिळालं स्पाइस. एप्रिल १९७३ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू इथल्या परिषदेत तो जगासमोर आला. १९७५ साली दुसरी आवृत्ती आली. पेडरसन यांचा आग्रह असा, की हे सर्वांसाठी खुलं राहिलं पाहिजे. ज्याला हवं त्याने न्यावं, सुधारावं, आणि सुधारलेलं परत सांगावं. आज जगात जी जी सर्किट सिम्युलेशनची सॉफ्टवेअर आहेत, महागडी असोत की मोफत, त्यांतल्या बहुतेकांची मुळं या स्पाइसमध्ये आहेत. १९८९ मध्ये सी भाषेत लिहिलेली तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यातूनच आजचं एनजीस्पाइस वाढलं.

त्या मोकळेपणाची फांदी आपल्याकडेही आली आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत फॉसी नावाचा प्रकल्प आहे. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर यावं म्हणून केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या पैशावर तो चालतो. तिथे ईसिम हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर तयार झालं. आधी त्याचं नाव ऑस्कॅड होतं. सर्किट काढायला कीकॅड, हिशेब करायला एनजीस्पाइस, आणि दोन्ही जोडायला पायथन, अशी त्याची बांधणी आहे. विंडोजवर चालतं, उबंटूवर चालतं, पैसे पडत नाहीत. त्याच संस्थेतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे व्हिडिओ बघत बघत स्वतः शिकता येतं, आणि त्यांतले कित्येक विषय मराठीतही आहेत. कॉलेजांच्या आसपास महागड्या सॉफ्टवेअरच्या क्रॅक केलेल्या प्रती पेनड्राइव्हवरून सर्रास फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये असं मी आग्रहाने सांगेन. त्यांतून व्हायरस येतात हे आहेच. शिवाय उद्या कारखान्यात तुम्ही काही करून दाखवलंत, तर ते कशावर केलं हे मान वर करून सांगता आलं पाहिजे.

आत नेमकं काय होतं, हे थोडं तरी माहीत असलेलं बरं. तुम्ही काढलेल्या सर्किटमधला प्रत्येक जोड म्हणजे एक नोड. प्रत्येक नोडला जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर जातो, हा नियम गुस्ताव किर्खोफने १८४५ साली मांडला, तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता. सॉफ्टवेअर प्रत्येक नोडसाठी हे समीकरण मांडतं आणि सगळी समीकरणं एकदम सोडवतं. नुसते रेझिस्टर असतील तर काम एका फटक्यात होतं. डायोड किंवा ट्रान्झिस्टर आला की अडचण येते, कारण डायोडवरचं व्होल्टेज साधारण ६० मिलिव्होल्टने वाढलं की प्रवाह दसपट होतो. असं समीकरण सरळ सुटत नाही. मग सॉफ्टवेअर एक अंदाज धरतं, तो किती चुकला ते पाहतं, सुधारतं, पुन्हा पाहतं, आणि दोन अंदाजांतला फरक नगण्य झाला की थांबतं. कधीकधी अंदाज जुळतच नाही. तेव्हा पडद्यावर ‘टाइम स्टेप टू स्मॉल’ असं काहीतरी येतं आणि नवखा माणूस सॉफ्टवेअर बिघडलं समजून बंद करतो. बरेचदा ती सूचना खरी असते : तुम्ही काढलेल्या सर्किटमध्ये प्रत्यक्षात होऊ शकत नाही असं काहीतरी असतं, जसं की शून्य वेळात चढणारं व्होल्टेज किंवा रोध नसलेली तार.

आता आपल्या रोजच्या कामातली एक गोष्ट घेऊ. रासायनिक रिॲक्टरच्या तापमानाचा ट्रान्समीटर. ० ते २०० अंशांसाठी ४ ते २० मिलिअँपिअर, २४ व्होल्टचा सप्लाय, दोन तारांचा लूप. कंट्रोल रूममध्ये २५० ओहमच्या रेझिस्टरवर १ ते ५ व्होल्ट मिळतात आणि ते पीएलसी वाचतो. सॉल्व्हंटचा भाग असल्याने मध्ये ३०० ओहमचं बॅरिअर. किलोमीटरभर केबल, जाऊन येऊन धरले २५ ओहम. बेरीज ५७५. २० मिलिअँपिअरला या सगळ्यांवर साडेअकरा व्होल्ट पडतात आणि ट्रान्समीटरला साडेबारा उरतात. त्याला कमीत कमी १२ लागतात. म्हणजे गाडी चालते, पण हातात अर्धाच व्होल्ट आहे.

एके दिवशी क्वालिटीवाले म्हणतात, आम्हाला रेकॉर्डर पाहिजे. त्याच लूपमध्ये आणखी २५० ओहम सिरीजमध्ये टाकले जातात. सकाळी बॅच सुरू होते, ८० अंश, १०० अंश, सगळं बरोबर दिसतं. सगळे खूश. आता ८२५ ओहम झाले आहेत. १२ व्होल्ट ट्रान्समीटरला ठेवले तर उरलेल्या १२ व्होल्टांत जास्तीत जास्त साडेचौदा मिलिअँपिअरच जाऊ शकतात. साडेचौदा म्हणजे ६६ टक्के, म्हणजे १३२ अंश. रिॲक्टर आत १५० ला पोचला तरी पडद्यावर १३२ च्या पुढे आकडा सरकणार नाही. काही ट्रान्समीटर असे तिथेच थबकतात, काही बंद पडून पुन्हा चालू होत राहतात. ज्यांनी तारापूरच्या रासायनिक कारखान्यांमध्ये काम केलंय त्यांना या १८ अंशांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

हाच लूप सिम्युलेटरवर काढा. नवखा विद्यार्थी ट्रान्समीटरच्या जागी करंट सोर्स ठेवतो, २० मिलिअँपिअर भरतो, ८२५ ओहम जोडतो आणि रन दाबतो. उत्तर काय येतं? बरोबर २० मिलिअँपिअर. पडद्यावर सगळं आलबेल. कारण सॉफ्टवेअरमधला करंट सोर्स आदर्श असतो. त्याला सांगितलेला प्रवाह तो कुठल्याही परिस्थितीत ढकलतोच, स्वतःला किती व्होल्ट मिळाले याची त्याला फिकीर नसते. आता ट्रान्समीटरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा. साडेसात. खऱ्या ट्रान्समीटरला १२ हवेत हे डेटाशीटमध्ये लिहिलेलं आहे. सॉफ्टवेअरने काहीच लपवलं नव्हतं, फक्त तिथे बघायचं आपल्याला सुचलं पाहिजे. पुस्तिकेत पुढे याच ट्रान्समीटरचं थोडं खरं मॉडेल बनवलं आहे. १२ व्होल्टांची अट त्यात घातली आहे आणि मग प्रवाह साडेचौदावर कसा अडतो ते आलेखात दिसतं.

माझ्या मते सिम्युलेशन शिकण्याचा गाभा हाच आहे. बटण कुठे आहे, रंग कसा बदलायचा, हे एका दुपारी येतं. मॉडेलमध्ये काय धरलंय आणि काय सोडलंय हे विचारायची सवय लागायला वेळ लागतो, आणि ती लागली की माणूस खऱ्या पॅनेलकडेही वेगळ्या नजरेने बघतो. म्हणून पुस्तिकेत एक नियम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाळलाय : रन दाबण्याआधी अपेक्षित आकडा वहीत लिहायचा. ढोबळ चालेल, ‘दहा-पंधरा मिलिअँपिअर’ एवढंही चालेल, पण लिहायचा. हा नियम कंटाळवाणा वाटेल. तरीही मी त्यावर ठाम आहे. न लिहिता रन दाबणारा विद्यार्थी पडद्यावर जे येईल ते पटवून घेतो. ज्याने आकडा लिहिला आहे त्याला फरक दिसतो, आणि तो फरक शोधतानाच सर्किट कळतं.

दुसरं उदाहरण रिलेचं. प्रत्येक पॅनेलमध्ये असतो तो २४ व्होल्टचा साधा रिले. कॉइलचा रोध ६४० ओहम धरला तर प्रवाह साडेसदतीस मिलिअँपिअर. इंडक्टन्स एक हेन्री धरू. एका बीसी५४७ ट्रान्झिस्टरने तो चालू-बंद करायचा. कॉइलला उलटा डायोड लावायचा असतो, हे प्रत्येक आयटीआयच्या मुलाला पाठ असतं. का लावायचा, हे विचारलं की ‘बॅक ईएमएफ’ एवढं उत्तर येतं. सिम्युलेटरवर डायोड काढून टाका आणि ट्रान्झिस्टर बंद करा. कॉइलभोवती शंभर पिकोफॅरड धरले तर कलेक्टरवरचं व्होल्टेज साडेतीन हजार व्होल्टांच्या वर उडताना दिसेल. खरा बीसी५४७ ४५ व्होल्टांचा आहे, तो एवढं होऊच देणार नाही, त्याआधीच मोडून पडेल. पण साध्या मॉडेलमध्ये ट्रान्झिस्टर मोडत नाही, म्हणून आलेख वर वर जात राहतो. दोन्ही गोष्टी एकदम शिकायच्या : कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा किती जोरात बाहेर यायला बघते, आणि मॉडेलला ट्रान्झिस्टरच्या मरणाची खबर नसते.

डायोड परत लावा. कलेक्टर पावणेपंचवीस व्होल्टांच्या आसपास थांबतो. सगळं छान. आता कॉइलमधला प्रवाह पाहा. तो एकदम शून्य होत नाही, डायोडमधून फिरत फिरत हळूहळू विझतो, दर दीड मिलिसेकंदाला साधारण एक तृतीयांश उरत जातो. म्हणजे रिले सुटायला उशीर होतो, कॉन्टॅक्ट सावकाश उघडतात आणि ठिणगी लांबते. डायोडमुळे ट्रान्झिस्टर वाचतो, पण त्याची थोडी किंमत कॉन्टॅक्ट मोजतात, हे मला नोकरीत बऱ्याच उशिरा एका जुन्या फोरमनकडून कळलं. आज एखाद्या मुलीला ते घरी बसून पाच मिनिटांत आलेखावर दिसू शकतं. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. डायोडला सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर लावला तर? प्रवाह लवकर विझतो, पण कलेक्टर ४९ व्होल्टांपर्यंत चढतो आणि ४५ व्होल्टचा बीसी५४७ आता धोक्यात. त्याचाच भाऊ बीसी५४६ ६५ व्होल्टांचा आहे, तो बसवा. असा एकेक निर्णय घेत जाणं म्हणजेच डिझाइन. कार्ड बनवणाऱ्याने हेच केलेलं असतं, त्याच्याकडे यापेक्षा मोठी कुठली जादू नसते.

सुरुवात कशाने करावी, हे मला नेहमी विचारतात. लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पॉल फॉल्स्टॅड यांचा सर्किट सिम्युलेटर उघडतो, काही बसवावं लागत नाही. तारांमधून सरकणारे ठिपके प्रवाह दाखवतात आणि व्होल्टेजप्रमाणे तारेचा रंग बदलतो. कपॅसिटर भरतो म्हणजे काय होतं, हे डोळ्यांनी बघायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण त्यावर फार दिवस राहू नये, कारण तिथले भाग फार आदर्श आहेत. महिनाभराने ईसिमवर किंवा एलटीस्पाइसवर यावं. एलटीस्पाइसही मोफत आहे, चालायला चपळ आहे, आणि पॉवर सप्लायच्या कामात जगभर वापरलं जातं. पण त्याचा आतला कोड खुला नाही. पुस्तिकेतली सगळी सर्किटं ईसिमवर केली आहेत, कारण आत काय आहे ते उघडून बघता येतं आणि त्याच कीकॅडमधून पुढे पीसीबीही काढता येतो. ज्याला यापैकी दुसरं काही हाताशी आहे त्याने ते वापरावं. स्पाइसची मुळं असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा हात बसला की दुसरीकडे जायला आठवडाही लागत नाही.

काही खड्डे आधीच दाखवून ठेवतो, कारण पहिल्या दोन दिवसांत त्यांतच पाय अडकून बरेच जण मागे फिरतात. सर्किटला ग्राउंड लागतोच, त्याला शून्य नंबरचा नोड म्हणतात. बॅटरीवर चालणाऱ्या खऱ्या सर्किटला अर्थिंग नसलं तरी चालतं, पण सॉफ्टवेअरला व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजायचं ते सांगावंच लागतं. ते नसेल तर ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ असा शेरा येतो. दोन कपॅसिटर सिरीजमध्ये आणि मधल्या जोडाला दुसरं काहीच जोडलेलं नाही, तरी तोच शेरा येतो. तिथून ग्राउंडला एक गिगाओहमचा रेझिस्टर लावला की प्रश्न मिटतो आणि उत्तरात फरक पडत नाही. सगळ्यात जास्त फसवतो तो एम. स्पाइसमध्ये एम लहान लिहा की मोठा लिहा, त्याचा अर्थ मिली होतो. एक मेगाओहम हवा असेल तर ‘मेग’ अशी तीन अक्षरं लिहावी लागतात. नुसता एम लिहिला की तुमचा एक मेगाओहमचा रेझिस्टर एक मिलिओहमचा होतो, म्हणजे तिथे जवळपास शॉर्ट बसतो, आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. अपेक्षित आकडा वहीत लिहिलेला असेल तर हे पहिल्याच नजरेत पकडता येतं.

चाचण्यांचे चार प्रकार पुस्तिकेत येतात. सर्किट स्थिर असताना कुठे किती व्होल्टेज आहे ते एकात, सप्लाय किंवा सिग्नल हळूहळू बदलत नेला तर काय होतं ते दुसऱ्यात, वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीला सर्किट कसं वागतं ते तिसऱ्यात आणि वेळेनुसार काय घडतं ते चौथ्यात. वरचा लूप दुसऱ्या प्रकारात मोडतो, रिले चौथ्यात. नावं तिथे दिली आहेत, पाठ करायची गरज नाही.

आता या साधनाची हद्द. ती सांगितली नाही तर वाचकाची फसवणूक होईल. तारापूरच्या हवेत समुद्राचं मीठ आहे आणि आम्लाच्या वाफाही आहेत. सहा महिन्यांत टर्मिनलवर हिरवट थर धरतो, लगचा स्क्रू सैल होतो, केबल ग्लँडमधून पावसाचं पाणी शिरतं. तुम्ही काढलेल्या सर्किटमध्ये त्या जागी एक शुद्ध रेघ असते, शून्य ओहमची. ड्राइव्हच्या केबलशेजारून नेलेल्या सिग्नलच्या तारेत कसा गोंधळ शिरतो, दोन ठिकाणी अर्थ केलेल्या शील्डमधून प्रवाह कसा वाहतो, हे मुद्दाम काढल्याशिवाय दिसत नाही, आणि काढायचं तर आधी माहीत असावं लागतं. ट्रान्सफॉर्मर तापल्याचा वास येत नाही. कॉन्टॅक्टरचा बिघडलेला आवाज ऐकू येत नाही. त्यामुळे मल्टिमीटर खिशात ठेवूनच हे शिकायचं. पडद्यावर केलेलं प्रत्येक चौथं-पाचवं सर्किट ब्रेडबोर्डवर प्रत्यक्ष जोडा आणि तीनही आकडे एकाशेजारी एक लिहा : वहीतला अंदाज, पडद्यावरचा आकडा, मीटरवरचा आकडा. हे तीन जिथे जुळत नाहीत, तिथे थांबा. २३० व्होल्टांचं काहीही एकट्याने जोडू नका. सिम्युलेटरवर हात सैल होतो आणि ती सवय पॅनेलपुढे घातक आहे.

पालघरला आणि बोईसरला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आयटीआय आहेत, आणि त्यांच्या अवतीभवती शेकडो कारखाने आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला तेव्हापासून इथली मुलं इथेच टिकावीत असं सगळे म्हणतात. कारखान्यांत बिघडलेली कार्डं रिपेअरला बाहेर जातात आणि त्यांच्यामागून पैसे आणि ज्ञान दोन्ही जातं. त्यातलं थोडं इथे थांबावं ही माझी इच्छा आहे. बोईसरमध्ये दोन-चार तरुणांनी एखाद्या गाळ्यात टेबल टाकून कार्ड दुरुस्तीचं काम सुरू करावं, आधी सर्किट उलगडून कागदावर काढावं, मग ईसिमवर चालवून पाहावं आणि मगच सोल्डरिंगचं आयर्न तापवावं. त्यासाठी लागणारं भांडवल एक जुना लॅपटॉप, एक बरा मल्टिमीटर आणि जमलं तर वापरलेला ऑसिलोस्कोप, एवढंच आहे.

वाचण्याच्या क्रमाबद्दल दोन शब्द. कारखान्यात काम करणाऱ्यांनी लूपच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण ते सर्किट त्यांच्या हातातलं आहे. बारावीनंतर नुकतेच आलेल्यांनी रेझिस्टरच्या विभाजकापासून. पॉवर सप्लायचं प्रकरण लांबलं आहे आणि ते मी मुद्दाम लांबू दिलं. माझ्या पाहण्यात आलेल्या बंद कार्डांपैकी बहुतेकांत बिघाड तिथेच होता : फुगलेला कपॅसिटर, वाढलेला रिपल, आणि त्यामुळे भलत्याच वेळी रीसेट होणारा प्रोसेसर. त्या प्रकरणात एकाच सर्किटमधला कपॅसिटर हळूहळू म्हातारा करत नेला आहे. त्याची क्षमता घटवत आणि आतला रोध वाढवत नेऊन प्रत्येक पायरीला आउटपुटचा आलेख छापला आहे. आपल्या स्टोअरमध्ये पडलेलं एखादं जुनं कार्ड शेजारी ठेवून ते वाचावं आणि त्यावरचे कपॅसिटर बोटाने चाचपून पाहावेत. सप्लाय काढून आणि ते पूर्ण उतरू देऊन.